एआयचे नियम ठरवण्यात थिंक टँकचा, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या संस्थांचा, खरंच काही हात असतो का, की नुसते अहवाल निघतात?

अहवाल फारसे कोणी वाचत नाही, जोडपत्रं वाचतात. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं हे उत्तर. पहिल्या भागाला जरा वेळ लागेल.

मी दिल्लीतल्या अशा एका संस्थेत तीन वर्षं काढली. काम काय, तर सरकारने एखादा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला की त्याचा तक्ता करायचा. जोडपत्र म्हणतो ते हेच. रकाने तीन: मूळ तरतूद, आमचा आक्षेप, सुचवलेला मजकूर. सोबत साठेक पानांचा गुळगुळीत अहवालही असायचा, मुखपृष्ठावर निळा चमकता मेंदू हमखास. सरकारी अधिकाऱ्यांबरोबरच्या एका बैठकीत मी तो पुढे केला. साहेबांनी न उघडताच बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ये सब ठीक है, आप लँग्वेज दे दीजिए." लँग्वेज म्हणजे तिसरा रकाना. त्यांच्यावर माझा राग नाही. एआय सोडून आणखी चार विषय त्यांच्या गळ्यात होते, हाताखाली दोन माणसं, आणि सोमवारी फाइल वर जायची होती. अशा वेळी ज्याच्याकडे वाक्य तयार असतं, त्याचं वाक्य आत जातं. आमचं एक असंच गेलं. टंकचुकीसकट.

पण मोठा खेळ बघायचा तर अमेरिकेत. त्यातही एका आकड्यावर नजर ठेवा: १ वर २६ शून्यं. ३० ऑक्टोबर २०२३ ला बायडेन यांनी एआयबद्दल कार्यकारी आदेश काढला. जे एआय मॉडेल घडवताना याहून जास्त गणिती क्रिया होतील, त्याची माहिती कंपनीने सरकारला कळवायची, असं त्यात होतं. आता 'धोकादायक मॉडेल' म्हणजे काय, हे कायद्याच्या भाषेत सांगायला बसलात तर पहाट होईल. गणितं मात्र मोजता येतात, चिप्स मोजता येतात, आणि मोजता येणारी गोष्ट अधिकाऱ्याला फार आवडते. नियंत्रण ठेवायचं तर संगणनक्षमतेला धरून ठेवा, हा विचार काही थिंक टँक आणि विद्यापीठांतली मंडळी त्याआधीपासून मांडत होती. डिसेंबर २०२३ मध्ये 'पॉलिटिको'ने बातमी दिली की या आदेशाच्या घडणीत रँड कॉर्पोरेशन या थिंक टँकचा हात होता. रँडचे प्रमुख जेसन मॅथनी. त्यांनीच २०१९ मध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठात सीसेट ही तंत्रज्ञान आणि सुरक्षा यांवर काम करणारी थिंक टँक उभी केली, मग ते बायडेन यांच्या व्हाइट हाउसमध्ये गेले आणि २०२२ मध्ये रँडवर आले. यात बेकायदा काही नाही. पण सूचना पाठवणारा आणि सूचना घेणारा एकमेकांना नावाने ओळखतात, तेव्हा तिसरा रकाना टपालाने पाठवावा लागत नाही.

पैशाचं विचारणार असाल तर तेही सांगतो. सीसेट सुरू झाली ती ओपन फिलान्थ्रॉपी या देणगीदार संस्थेने दिलेल्या साडेपाच कोटी डॉलरवर. त्याच देणगीदार संस्थेने २०२३ मध्ये रँडला दीड कोटी डॉलरहून जास्त दिले, आणि २०१७ मध्ये चॅटजीपीटीवाल्या खुद्द ओपनएआयला तीन कोटी. मागे पैसा मुख्यतः फेसबुकचे एक संस्थापक डस्टिन मॉस्कोवित्झ यांचा. म्हणून हा सगळा कट आहे, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. देणगीदाराचा फोन आल्याचं मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. गरजच नसायची. कोणत्या विषयाला तीन माणसं आणि कोणत्याला एकही नाही, हे अनुदानाच्या अर्जातच ठरलेलं असायचं. डिलिव्हरीच्या पोरांची कमाई ॲप कसं ठरवतं, यावर मला काम करायचं होतं. तो प्रस्ताव मी संस्था सोडली तेव्हाही तसाच पडून होता.

आता त्या आकड्याचं पुढे काय झालं बघा. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी बायडेन यांचा आदेश रद्द केला. आदेश गेला, आकडा मात्र गेला नाही. त्याआधीच तो मोठ्या एआय मॉडेलांवरच्या, कॅलिफोर्नियाच्या एसबी १०४७ या विधेयकात शिरला होता. गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. नुसत्या आकारावर बोट ठेवलं तर लोकांना खोटी सुरक्षितता वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी तज्ज्ञांचा गट नेमला. त्याच्या तीन प्रमुखांपैकी एक मारियानो-फ्लोरेंटिनो क्वेयार, तेव्हा कार्नेगी एन्डोमेंट या थिंक टँकचे अध्यक्ष. गटाचा अहवाल आला, नवं विधेयक आलं, सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूसम यांनी सही केली. एसबी ५३ असं त्या कायद्याचं नाव. त्यात 'फ्रंटियर मॉडेल'ची, म्हणजे सगळ्यात पुढच्या टप्प्यातल्या मॉडेलची, व्याख्या उघडून बघा: १ वर २६ शून्यं. युरोपच्या कायद्यात एक शून्य कमी आहे, एवढाच फरक.

आपल्याकडे स्वतंत्र संस्थांचं वजन कमी, समित्यांचं जास्त. २०१८ चा राष्ट्रीय एआय धोरणाचा मसुदा नीती आयोगाचा, म्हणजे सरकारच्या घरच्याच थिंक टँकचा. बाहेरच्या संस्थेला आतली खुर्ची मिळाल्याचं ठळक उदाहरण डेटा संरक्षणाचं: न्या. श्रीकृष्ण समितीत 'विधि' या कायदेविषयक थिंक टँकचे अर्घ्य सेनगुप्ता सदस्य होते. पण २०१८ मध्ये समितीने दिलेला मसुदा आणि २०२३ मध्ये झालेला कायदा शेजारी ठेवून वाचा, फरक दिसेल. सरकारला जे नकोच असतं, तिथे कितीही सुंदर लँग्वेज दिली तरी उपयोग होत नाही.

वाक्यं मात्र इथेही तशीच फिरतात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातल्या एआयसाठी सात सूत्रं दिली. अध्यक्ष आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य. नोव्हेंबरात केंद्राची एआय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत हीच सात सूत्रं साऱ्या देशासाठी. 'निर्बंधापेक्षा नवोपक्रमाला झुकतं माप' हे त्यांतलं एक. बँकांसाठी शिवलेला सदरा शाळा, दवाखाने आणि पोलीस ठाण्यांना बसतो का, यावर मला कुठे फारशी चर्चा दिसली नाही.

तेव्हा कोणाचा हात किती, हे शोधायचं तर अहवालांच्या मागे लागू नका. अंतिम मजकुरातला सगळ्यात विचित्र आकडा किंवा शब्दप्रयोग उचला आणि तो आधी कुठे छापला गेला, ते मागे मागे जात बघा. सरावाला एक देतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने एआयने बनवलेल्या चित्रं-व्हिडिओंवरच्या लेबलांसाठी नियमांचा मसुदा काढला. लेबलने दृश्याचा किमान १० टक्के भाग व्यापायला हवा, असं त्यात होतं. पाच का नाही? पंधरा का नाही?