रानफुलाची नवीन प्रजाती ‘नवीन’ आहे, हे कोण आणि कसे ठरवते?

माथेरानच्या कड्यावर टिपलेले रानफूल कोणत्याच पुस्तकाशी जुळत नसेल, तर ती नवीन प्रजाती समजावी का आणि तसे जाहीर कोण करते, असे आपण विचारले आहे. जाहीर करणारे कोणतेही सरकारी कार्यालय नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वर्णन प्रसिद्ध झाले की नाव वैध ठरते. ते स्वीकारायचे की नाही, हे पुढे इतर अभ्यासक ठरवतात.

मी मुंबईत वनस्पतींच्या वर्गीकरणाचे काम करतो आणि माझ्या मते खरी कसोटी डोंगरावर नव्हे, तर हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, कपाटांपुढे लागते. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह पाहिल्याशिवाय, तसेच एकोणिसाव्या शतकात आपल्याकडून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाला गेलेले मूळ नमुने निदान छायाचित्रांतून तपासल्याशिवाय, काहीही नवे म्हणण्याचा अधिकार पोहोचत नाही. कित्येकदा ते फूल फार पूर्वीच नोंदवलेले निघते. उलट, जुन्या नावाखाली वर्षानुवर्षे पडून असलेला नमुनाच वेगळा असल्याचेही तिथेच उमगते.

कंदीलपुष्पाचे, म्हणजे सेरोपेजियाचे, उदाहरण घ्या. फुलाची नळी उभी चिरून तळाशी असलेल्या किरीटाच्या, म्हणजे मुकुटासारख्या भागाच्या, आतल्या-बाहेरच्या खंडांची लांबी, आकार आणि त्यांवरची लव भिंगाखाली पाहावी लागते. दाबून वाळवलेल्या फुलाची नळी चपटी होते आणि रंग उडतो, म्हणून काही फुले मद्यार्कात ठेवतात आणि रंग जागेवरच वहीत उतरवतात. शिवाय तो फरक अनेक रोपांत टिकून दिसायला हवा. एखाद्याच रोपाला निराळ्या रंगाचे फूल आले, तर तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

त्यानंतर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार-नमुना, म्हणून हर्बेरियमला सोपवतात आणि वेगळेपण सांगणारे वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध करतात. इंग्रजीची मुभा २०१२ पासून मिळाली. नाव स्थळावरून द्यावे, असे मला मनापासून वाटते. ब्लॅटर आणि मकॅन या वनस्पती अभ्यासकांनी पाचगणीवरून दिलेले ‘सेरोपेजिया पंचगणिएन्सिस’ हे नाव वाचताच ती वनस्पती कुठल्या मातीतली, हे कळते.

आपण मात्र रोप उपटू नका. नमुना गोळा करण्यास वन विभागाची परवानगी लागते. फुलाची बाजू, पानाची खालची बाजू आणि खोड यांची जवळून छायाचित्रे काढून हर्बेरियममधील अभ्यासकांना दाखवा, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, कारण दुर्मिळ रोपे कंदासकट खणून नेणारे लोक आहेत.