सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी अचानक छाती धडधडते आणि ‘आता मी मरणार’ असं वाटतं. हे काय आहे? कसं थांबवायचं?

‘कसं थांबवायचं’ याच्या मागे मी दोन वर्षं लागलो होतो आणि तिथेच फसलो, म्हणून सांगतो.

तुम्ही सांगताय ते पॅनिक अटॅकसारखं वाटतं, म्हणजे अचानक येणारी तीव्र भीतीची लाट. माझा पहिला अटॅक लिफ्टमधला. छातीत धडधड, ओठांना आणि बोटांना मुंग्या, घसा आवळल्यासारखा. हार्ट अटॅकच आला अशी खात्री. ईसीजी चांगला निघाला, डॉक्टर म्हणाले, ‘काही झालेलं नाही.’ त्याने मी जास्तच घाबरलो. काहीच झालं नाही, तर ते काय होतं?

झालेलं असतंच. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळायला लागतं. आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि गरगरणं बरचसं त्याचंच. म्हणजे गुदमरल्यासारखं वाटतं तेव्हा हवा कमी नाही, उलट गरजेपेक्षा जास्त आत जात असते! पुढची गोम मात्र डोक्यात आहे. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली ती मांडली: धडधडीचा अर्थ आपण ‘हृदय बंद पडतंय’ असा लावतो, त्याने भीती वाढते, भीतीने धडधड.

अटॅक बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. तुम्ही काही केलं नाहीत तरी. म्हणून मी आता जागा सोडून पळत नाही. श्वास सावकाश सोडतो, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावतो, आणि वाट बघतो. नाडी मोजत बसत नाही (ही सवय सुटायला सगळ्यात वेळ लागला).

खरं नुकसान अटॅकने नाही, टाळाटाळीने केलं. आधी लिफ्ट सुटली, मग गर्दी, मग एकट्याने प्रवास. खिशात गोळी नसेल तर दाराबाहेर पाऊल नाही. थेरपिस्टने मला चक्क खुर्चीवर गरगर फिरायला लावलं, जागच्या जागी पळायला लावलं: तीच धडधड, तीच चक्कर, पण मुद्दाम आणलेली. पहिल्या दिवशी मी चिडलो होतो. पाच-सहा वेळा केल्यावर चक्कर ही नुसती चक्कर उरली. नंतर लिफ्ट, आधी एकच मजला.

थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या, चहा-कॉफी कमी करून बघा. वेगळ्याच प्रकारचं छातीत दुखलं तर मात्र ‘पॅनिकच असेल’ म्हणून अंगावर काढू नका. मानसोपचारतज्ज्ञांनी रोजच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका, आणि बंद करायच्या तेव्हा विचारून.

आणि घरच्यांना सांगून ठेवा, त्या वेळी ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं.