बाळ झोपलंय, आई मात्र टक्क जागी

प्रश्न : बाळंतपणाला पाच आठवडे झाले. बाळ झोपलं तरी माझा डोळा लागत नाही, सारखं रडू येतं. बाळाला घेऊन खिडकीशी गेले, की ते हातातून खाली पडतंय असं दिसतं आणि मी दचकून मागे सरकते. घरचे म्हणतात, ‘होईल हळूहळू.’ अंगावर पाजते, म्हणून गोळ्यांची भीती वाटते.

उत्तर : ‘होईल हळूहळू’ हे पहिल्या पंधरवड्यापुरतं खरं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होणारं रडू बहुतेक बायकांचं दोन आठवड्यांत ओसरतं. तुम्हाला पाच झाले, आता वाट पाहू नका. बाळ उठवतं म्हणून झोपमोड होणं वेगळं. ते गाढ झोपलेलं असताना आईने छताकडे बघत पडणं हे नैराश्याचं किंवा चिंतेच्या आजाराचं लक्षण असू शकतं.

या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली भरायला मागा. १० प्रश्न, सगळे गेल्या ७ दिवसांबद्दल, एकूण गुण ३०. १३ किंवा जास्त आले तर नैराश्याची शक्यता बरीच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं उत्तर असेल, तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी बोलायचं. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) हेही तपासून घ्या. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉइड बिघडतो आणि त्याचा थकवा हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो.

खिडकीचं म्हणाल, तर तुम्ही मागे सरकता यातच उत्तर आहे. असे नकोसे विचार पुष्कळ नव्या आयांना येतात; ती इच्छा नसते. पण नसलेले आवाज ऐकू आले, बाळाबद्दल भलतंच काही खरं वाटू लागलं, तर तडक इस्पितळ गाठायचं. तोवर घरच्यांनी आईला किंवा बाळाला एकटं सोडू नये.

सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी दुधात फारच थोडी उतरते. पाजणं सहसा थांबवावं लागत नाही. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. इथेच गाडी अडते: आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सुटते. तोवर रात्रीची एक पाजणी काढलेल्या दुधावर दुसऱ्या कुणी सांभाळावी, म्हणजे तुम्हाला सलग चार-पाच तास पडता येईल.

प्रश्न : गरोदरपणाचा तिसरा महिना चालू आहे. नैराश्याच्या गोळ्या आजपासून बंद करू का?

उत्तर : स्वतःहून नको. एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी येते आणि आजार उलटू शकतो. चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मनःस्थितीच्या चढउतारांवरची गोळी) असेल तर मात्र आजच डॉक्टरांना फोन करा. त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं. तीही मनाने थांबवू नका, बदलून घ्या.