दोन चाव्यांच्या डायव्ह घड्याळातली आतली बेझल पाण्याखाली फिरवावी का?

तुमचं घड्याळ 200 मीटरचं, दोन चाव्यांचं (चावी म्हणजे कडेची फिरवायची खुंटी). 2 वाजताच्या जागेवरच्या चावीने आतली बेझल, म्हणजे काचेखालची वेळ मोजायची कडी, फिरते. 18 मीटरवर असताना ती फिरवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका फिरवू. आट्यांची, म्हणजे पिळून बंद होणारी चावी असेल तर अजिबातच नको.

200 मीटर हा आकडा चावी बंद असतानाचा आहे. आयएसओ 6425 या डायव्ह घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत जादा दाबाखाली चावीवर बाजूने 5 न्यूटन जोर देतात, पण चावी उघडून फिरवत नाहीत. आटे सोडले की चावी जिच्यावर बसते त्या नळीच्या तोंडावर दाबून बसलेलं गास्केट (रबरी चकती) सुटतं आणि पाणी अडवायला फक्त चावीच्या दांड्याभोवतीच्या ओ-रिंग (रबरी कड्या) उरतात. त्यात तुम्ही बोटाने चावी तिरकी ढकलत असता, त्यामुळे ओ-रिंग एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूला सैल पडते. वाळूचा एखादा कण तिथे बसला, की पुढच्या प्रत्येक फेऱ्यात रबर कापलं जातं.

यावर हमखास एक युक्तिवाद येतो: "हे सुपर कॉम्प्रेसर घाटाचं घड्याळ आहे, पाण्याचा दाब वाढेल तसं ते जास्त घट्ट होतं." मला ही समजूत धोक्याची वाटते. ईपीएसए या स्विस केस बनवणाऱ्या कंपनीच्या त्या रचनेत दाबाने घट्ट होतं ते मागचं झाकण. चाव्यांना त्याचा काही उपयोग नाही, त्या आपापल्या ओ-रिंगांवरच असतात. शिवाय दोन चाव्या दिसल्या म्हणजे घड्याळ कॉम्प्रेसर, असंही नसतं. आजची बरीचशी फक्त दिसायला तशी असतात.

सगळं काम कोरड्यात करा. बेझलचा त्रिकोण मिनिटकाट्यापाशी आणा, खाली जायला सुरुवात करायला अजून दोन मिनिटं असतील तर दोन मिनिटं पुढे. मग चावी हलके आत दाबून आधी उलटी फिरवा. आटे जागेवर पडल्याचं बोटाला कळतं. त्यानंतर सुलटी, बोटाच्या जोरावर पिळा. पक्कड नको, नळीचे आटे जातात. सुरुवातीलाच अडकली तर आटे तिरके बसलेत. सोडून पुन्हा लावा.

बाहेरच्या बेझलला आतल्या हवेशी देणंघेणं नसतं, ती पाण्यात बिनधास्त फिरवा. ती एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्तच दिसतो आणि तुम्ही लवकर वर येता. आतल्या बेझलला बहुतेक वेळा ही सोय नसते, ती दोन्हीकडे फिरते. चावी पिळून ठेवायची ते यासाठीही: सूटच्या बाहीने सैल चावी फिरली आणि वेळ कमी दिसला, तर कळणारही नाही. वर येताना 5 मीटरवर घेतात त्या 3 मिनिटांच्या सुरक्षा थांब्यासाठी बेझल हलवू नका, सेकंदकाट्याचे फेरे मोजा. नाहीतर डुबकीचा मूळ वेळ हातचा जातो.

काही घड्याळांत बेझलची चावी बिनआट्यांची असते आणि पुस्तिकेत ती पाण्यात फिरवायला स्पष्ट परवानगी असते. तिथे पुस्तिकेचं ऐका, पण ओ-रिंग नव्या असतील आणि दाबाची चाचणी झालेली असेल तरच. खोली आणि वेळ मोजणारा डायव्ह कॉम्प्युटर हातावर हवाच, घड्याळ जोडीला. 10 वाजताच्या जागेवर हेलियम व्हॉल्व्ह (घड्याळात शिरलेला हेलियम बाहेर सोडणारी झडप) असेल तर तो बंदच राहू द्या. त्याचं काम सॅच्युरेशन डायव्हिंगच्या, म्हणजे दिवसेंदिवस दाबाखाली राहणाऱ्या व्यावसायिक डायव्हरांच्या कोरड्या चेंबरमध्ये असतं. वर आल्यावर चाव्या बंद ठेवूनच घड्याळ गोड्या पाण्यात बुडवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय एकही चावी उघडू नका.