रोबोटिक्सची फी भरा, पण मुलीच्या एसआयपीतून नको

प्रश्न : मुलगी सहावीत आहे, वय ११. रोबोटिक्सच्या क्लासने तिला फर्स्ट लेगो लीग या, लेगोच्या किटने रोबो बनवायच्या जागतिक स्पर्धेच्या संघात घेतलंय. सीझनची फी ६०,००० रुपये. सरावासाठी घरी स्वतःचा किट घ्या म्हणतात, तो ४८,०००. संघ पुढे गेला तर परदेशवारीचा खर्च वेगळा, माणशी दीड-दोन लाख. मिस्टर चाकणला कंपनीत क्वालिटी विभागात आहेत, मी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून १,०५,००० हातात येतात. फ्लॅटचा हप्ता ३४,०००, घरखर्च ५४,०००, मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी ८,००० ची एसआयपी. एफडी दीड लाखाची. दिवाळीला ४०,००० च्या आसपास बोनस येतो. धाकटा मुलगा ६ वर्षांचा. क्लासचे सर म्हणतात, ही इंजिनीअरिंगचीच गुंतवणूक आहे, एसआयपी वर्षभर थांबवा. काय करावं? – एक वाचक, चिंचवड

ताई, मुलीला संघात जाऊ द्या. एसआयपी चालू ठेवा. किट घेऊ नका.

सरांचं ‘गुंतवणूक’ आधी बाजूला ठेवू. आपल्याकडे इंजिनीअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटी नाहीतर जेईईच्या गुणांवर होतो. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित विचारतात. सहावीतल्या ट्रॉफीला अर्धा गुणही मिळत नाही. मुलगी पुढे खरंच त्या वाटेने गेली, तरी कॉलेजची फी या ६०,००० मुळे रुपयाने कमी होणार नाही. म्हणजे हा खर्च आहे. चांगला खर्च आहे, पण खर्चच. तो महिन्याच्या कमाईतून करायचा असतो.

वर्षभर एसआयपी थांबवली तर ९६,००० रुपये जायचे राहतात. पुढची सहा वर्षं ते १० टक्क्यांनी वाढले असते असं धरलं, तर बारावीनंतर हातात साधारण १ लाख ७० हजार कमी. आणि एकच वर्ष कुठलं? संघात रमलेलं मूल पुढच्या वर्षीही नाव घालतं. ही स्पर्धा आपल्याकडे ९ ते १६ वयाची आहे, तेव्हा ‘फक्त यंदा’ असं मनात असेल तर ते आत्ताच खोडा.

मग तरीही पाठवा असं का म्हणतो? कारण या वयात इंजिनीअरिंग म्हणजे काय हे कळायचा दुसरा सोपा रस्ता मला माहीत नाही. एका संघात जास्तीत जास्त दहा मुलं. टेबलावर रोबोला अडीच मिनिटं मिळतात, तेवढ्यात जमतील तेवढी कामं त्याने आपणहून करायची. पण गुणांचा तो एक भाग. रोबोची रचना, मुलांनी शोधलेल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावरचा प्रकल्प आणि एकमेकांशी वागणं यांनाही तेवढंच वजन असतं.

अशा एका फेरीत मी बघत उभा होतो. एका संघाचा रोबो दर वळणाला थोडा थोडा तिरका होत चालला होता. बॅटरी उतरली होती, चाकांना धूळ लागली होती, प्रोग्राम मात्र तोच. शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी काय केलं होतं? प्रत्येक मोठ्या कामाआधी रोबो उलटा नेऊन टेबलाच्या कडेला पाठ टेकवायचा, तो सरळ होतो, मग पुढे निघायचं. मिस्टरांना विचारा, जॉब (मोजायचा भाग) फिक्श्चरला, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या चौकटीला, नीट टेकवल्याशिवाय त्यांच्याकडे मोजमाप घेतात का. चूक साठत जाते, ती मध्येच शून्यावर आणावी लागते, हे त्या मुलींना बाराव्या वर्षी हाताने कळलं होतं.

त्याच फेरीतलं दुसरं दृश्यही सांगतो. परीक्षकांनी विचारलं, हा भाग कोणी प्रोग्राम केला? मुलाने कोचकडे पाहिलं. कोचने मान खाली घातली. रोबो देखणा होता, चाललाही छान. त्या पालकांनी फी भरली आणि शिकला कोच. म्हणून पैसे भरण्याआधी एका शनिवारी सरावाला जाऊन बसा. बोलू नका, फक्त लॅपटॉप कोणाच्या मांडीवर आहे ते बघा. संघात मुली किती आणि त्यांना काय काम दिलंय तेही बघा. पोस्टर रंगवायला मुली आणि रोबोला मुलगे, अशी वाटणी दिसली तर फी अर्धी केली तरी नको म्हणा.

आता पैसे. सगळं वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ९,००० उरतात. त्यातले ६,००० जून ते नोव्हेंबर क्लासला द्या, म्हणजे ३६,००० झाले. उरलेले २४,००० दिवाळीच्या बोनसमधून. स्पर्धेचा तपशील ऑगस्टमध्ये जाहीर होतो आणि फेऱ्या हिवाळ्यात असतात, त्यामुळे पैसे असे टप्प्याने मागणं वावगं नाही. ६०,००० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय का, हे लेखी घ्या. वरून लावला तर १०,८०० वाढतील. आणि ही फी आयकरातल्या ट्यूशन फीच्या सवलतीत बसेल असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. तिथे शाळा-कॉलेजची ट्यूशन फीच चालते, क्लासची नाही.

एफडी मोडायचा विचार तर काढूनच टाका. तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट ८८,००० आहे. दीड लाखात दोन महिनेही निघत नाहीत. खरं तर ती वाढवायला हवी, पण तो वेगळा विषय.

किटचं म्हणाल तर तो संघाचा असतो, घरोघरी लागत नाही. शिवाय त्याची किंमत टिकत नाही. लेगोने २०२१ मध्ये ईव्ही३ हा आधीचा रोबो-किट बंद केला, तेव्हा ज्यांनी घरी घेऊन ठेवले होते त्यांना सुटे भाग शोधत फिरावं लागलं. घरी खेळायला हवंच असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत जा. आर्डुइनोचा साधा बोर्ड (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट), मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवरच्या) मोटर, चाकं, अंतर मोजणारा सेन्सर हे सगळं दोन हजारांच्या आत बसवता येतं. स्पर्धेत ते चालणार नाही, पण वायर उलटी लावली की काय होतं ते लेगोपेक्षा लवकर कळेल. आणि कोणत्याही शाळेत शिकवत असाल तरी मुख्याध्यापकांना एकदा विचारा, अटल टिंकरिंग लॅब आहे का. नीती आयोगाच्या या योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान दिलं गेलंय आणि सहावीपासूनची मुलं ती लॅब वापरू शकतात. कित्येक ठिकाणी थ्रीडी प्रिंटर कपाटात कुलूपबंद पडलेला असतो.

परदेशवारीचा निर्णय आज घ्या, निकालाच्या रात्री नको. जिंकल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे पालक ‘आम्ही येतोय’ लिहीत असताना नाही म्हणणं फार जड जातं. जागतिक फेरी अमेरिकेत ह्यूस्टनला एप्रिलमध्ये असते, बाकी देशांतही निमंत्रितांच्या फेऱ्या होतात. तुमच्या घरात यंदा त्यासाठी पैसे नाहीत. मुलीला आत्ताच सांगा : विभाग आणि देशपातळीपर्यंत आम्ही आहोत, त्यापुढचं प्रायोजक मिळाला तर. अकरा वर्षांच्या मुलीला हे समजतं. मिस्टरांच्या कंपनीच्या सीएसआर (समाजकार्यासाठी खर्च करणाऱ्या) विभागाकडे संघाने अर्ज करावा; चाकणमध्ये विचारायला दारं पुष्कळ आहेत.

धाकट्यालाही लगेच सवलतीत घालण्याचा आग्रह होईल. सहा वर्षांच्यांसाठी वेगळा गट आहे खरा, पण दोन वर्षं थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही.

शेवटी ते ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितले जाणारे हप्ते. क्लास ते सुचवेलच. तो क्लासचा हप्ता नसतो, फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. मुलीने दिवाळीत सोडलं किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ते कापले जातात आणि थकले तर तुमचा सिबिल स्कोअर खाली येतो. तेव्हा टॅबवर घाईघाईने पुढे केलेल्या फॉर्मवर सही करू नका, आलेला ओटीपीही सांगू नका. दरमहा थेट क्लासच्या खात्यावर पैसे पाठवा आणि पावती घ्या.