उघडणारं दार आणि सायकल

प्रश्न : उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून सायकलने जाताना एखादं दार अचानक उघडलं तर? घंटी वाजवत राहिलं की पुरे का?

उत्तर : घंटीवर विसंबू नका, बंद काचेआड ती धड ऐकूच येत नाही. खरा उपाय अंतराचा. दार साधारण १ मीटर बाहेर येतं. हँडलचं टोक गाडीपासून त्याहून लांब, शक्यतो सव्वा मीटरवर ठेवा. ताशी २० किलोमीटर वेगाने सेकंदाला साडेपाच मीटर कापले जातात, ब्रेक दाबेपर्यंत दार गाठलेलं असतं. दाराची कड हँडलच्या टोकाला नुसती अडली तरी चाक दाराकडे वळतं आणि स्वार उलट बाजूला, थेट रहदारीत पडतो. नुकतीच थांबलेली गाडी किंवा आत हलणारं डोकं दिसलं, की वेग उतरवा.

गाडीतल्यांनी दार जवळच्या नव्हे, दारापासून लांबच्या हाताने उघडावं. खांदा वळतो, नजर आपसूक मागे जाते.