फुटबॉल क्लब स्ट्रायकरची मागितलेली किंमत थेट मोजून मोकळे का होत नाहीत?

तुम्ही विचारलंय, की स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, हवाच असेल तर कमी बोली लावून महिनाभर घासाघीस कशाला? कारण पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा हा बहुतेक वेळा फक्त सांगायचा आकडा असतो. खरी किंमत ठरते ती खेळाडूचा करार किती उरलाय आणि कोणाला जास्त घाई आहे यावर.

इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केनचंच बघा. लंडनच्या टॉटनहॅम क्लबशी त्याचा करार जून २०२४ पर्यंत होता. २०२१ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर सिटी त्याच्या मागे लागली होती. त्यालाही जायचं होतं. पण कराराची तीन वर्षं शिल्लक, त्यामुळे टॉटनहॅमचे तेव्हाचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही बोलणी करायलाच तयार होईनात. सिटीला हात हलवत परतावं लागलं.

२०२३ मध्ये तोच खेळाडू, तेच लेव्ही, पण करार उरला एका वर्षाचा आणि समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक क्लब. जानेवारी उजाडला की केन परदेशी क्लबशी आगाऊ करार करू शकला असता आणि हंगामानंतर टॉटनहॅमला एक छदामही न मिळता निघून गेला असता. बायर्नने आधी खेळाडूचा होकार पक्का केला. बायर्नचे माजी अध्यक्ष उली होनेस यांनी तर जुलैतच जाहीर सांगून टाकलं की केनचा निर्णय झालाय. मग बोली टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. नकार आला तरी त्यातून समोरचा कुठवर ताणणार याचा अंदाज येतो, म्हणून पहिली बोली कमीच असते.

पण बायर्नचीही नड होती. २०२२ मध्ये त्यांचा स्ट्रायकर लेवांडोव्हस्की बार्सिलोनाला गेला आणि पुढचं वर्ष त्यांनी हक्काच्या नऊ नंबरशिवाय, म्हणजे मुख्य स्ट्रायकरशिवाय, काढलं. लेव्हींना हे पुरेपूर ठाऊक होतं. म्हणूनच तीस वर्षांच्या, करार संपत आलेल्या खेळाडूचे १० कोटी युरोंच्या वर मिळाल्याच्या बातम्या आल्या. सौदा जाहीर झाला १२ ऑगस्टला, टॉटनहॅमच्या लीगमधल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी. माझ्या मते लेव्हींनी पडत्या बाजूने खेळूनही उत्तम किंमत काढली. आणि केनने बुंडेसलिगातल्या, म्हणजे जर्मन लीगमधल्या, पहिल्याच हंगामात ३६ गोल केले, म्हणजे बायर्नलाही तो महाग पडला नाही.

उलट उदाहरण आर्सेनलचं. २०१३ मध्ये लिव्हरपूलचा स्ट्रायकर लुईस सुआरेझच्या करारात ४ कोटी पौंडांच्या वर बोली आली तर त्याला सोडण्याबद्दलची अट आहे, असं कळल्यावर त्यांनी नेमकी ४ कोटी १ पौंडाची बोली लावली. तो वरचा एक पौंड लिव्हरपूलला चांगलाच झोंबला. मालक जॉन हेन्री यांनी ट्विटरवर आर्सेनलची जाहीर टर उडवली आणि खेळाडू सोडलाच नाही. अट खरोखर होती, पण आम्ही विकायचं नाही असं ठरवलं, हे त्यांनी पुढे २०१४ मध्ये स्वतःच कबूल केलं. सुआरेझने त्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल ठोकले आणि मग तो बार्सिलोनाला गेला. कायदा तुमच्या बाजूने असला तरी विकणाऱ्याला चारचौघांत कमी लेखू नये, असं मला हे प्रकरण आठवलं की दरवेळी वाटतं.

आणखी एक. बातमीतला आकडा एकरकमी क्वचितच दिला जातो. हप्ते किती, सामने आणि गोलांवर बोनस किती, पुढच्या विक्रीत जुन्या क्लबचा वाटा किती, निम्मी लढाई इथेच होते.

तुम्ही म्हणता तसं थेट पैसे मोजणंही घडतं, पण करारात सुटकेची रक्कम, म्हणजे जी भरली की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो ती, ठरलेली असेल तेव्हा. २०२२ मध्ये सिटीने स्ट्रायकर हालांडसाठी त्याच्या जर्मन क्लबला, डॉर्टमुंडला, ती ठरलेली रक्कम, सुमारे ६ कोटी युरो, दिली. तिथे घासाघीस करायला जागाच नव्हती. सगळी चुरस पगार आणि एजंटच्या पैशांवर गेली.